224 माग, 29 माणसं: अहमदाबादच्या एका स्वयंचलित मागखात्याचं प्रकरण

हे प्रकरण 1952 ते 1970 या काळातलं आहे. गिरणी, सल्लागार आणि कंपनीचे अध्यक्ष यांची नावं सार्वजनिक नोंदीत आहेत, म्हणून ती इथे दिली आहेत. कामगार आणि सुपरवायझर यांचा उल्लेख फक्त पदनामाने केला आहे. नवं यंत्र आणलं, कामाचं मोजमाप झालं, माणसं बसवली, तरी उत्पादन वाढलं नाही, अशी ही परिस्थिती. आज इस्पितळात नवी संगणकप्रणाली येते किंवा बँकेत कर्जाची फाईल चार टेबलांऐवजी चार स्क्रीनवरून फिरू लागते, तेव्हाही अडचणीचं मूळ बऱ्याचदा असंच असतं. मागखात्यात ते डोळ्यांनी दिसतं, म्हणून हे प्रकरण निवडलं.

पार्श्वभूमी

अहमदाबाद मॅन्युफॅक्चरिंग अँड कॅलिको प्रिंटिंग कंपनी ही साराभाई कुटुंबाची. तिच्या ज्युबिली मिलमध्ये जून 1952 मध्ये स्वयंचलित मागांचं एक खातं प्रयोग म्हणून सुरू झालं. अध्यक्ष होते गौतम साराभाई. अहमदाबाद तेव्हा मुंबई राज्यात होतं, म्हणजे लालबाग-परळच्या गिरण्यांना लागू असलेला 1946 चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा इथेही लागू होता. कामाचा भार किंवा पद्धत बदलायची तर मालकाने प्रातिनिधिक युनियनला बदलाची नोटीस द्यायची, ही त्यातली तरतूद. अहमदाबादेत प्रातिनिधिक युनियन म्हणजे मजूर महाजन. तिच्या संस्थापकांपैकी अनसूया साराभाई या अध्यक्षांच्या सख्ख्या आत्या. मालक आणि युनियन यांच्यातलं असं नातं मुंबईत कुठेच नव्हतं, आणि पुढचा प्रयोग इतक्या सहज कसा सुरू झाला ते समजून घेताना हे विसरून चालणार नाही.

साध्या मागावर एक विणकर साधारण दोन माग बघायचा. आडवा धागा, म्हणजे बाणा, इकडून तिकडे नेणाऱ्या धोट्यातली सुताची कांडी संपली की माग थांबवून नवी घालायची, ताण्याचा, म्हणजे उभा, धागा तुटला की शोधून गाठ मारायची, कापडावर नजर ठेवायची, काही मोठं बिघडलं तर जॉबरला, म्हणजे खात्यातल्या मुकादमाला, हाक मारायची. माग का थांबला आणि कापड का बिघडलं, या दोन्ही प्रश्नांना एकच माणूस उत्तर देत होता.

स्वयंचलित मागात तीन गोष्टी बदलतात. मागाच्या बाजूला बॅटरी असते, म्हणजे भरलेल्या कांड्यांचं फिरतं चक्र. धोट्यातल्या कांडीवर बाणा संपत आला की फीलर मोशन नावाची यंत्रणा ते ओळखते, आणि माग चालू असतानाच रिकामी कांडी खाली पडून बॅटरीतली भरलेली कांडी तिच्या जागी बसते. ताण्याच्या प्रत्येक धाग्यावर एक पातळ पत्री लटकलेली असते. धागा तुटला की पत्री खाली पडते आणि माग आपोआप थांबतो. त्यामुळे मागासमोर उभं राहून पाहत बसायची गरज उरत नाही, आणि एका विणकराकडे 24 ते 32 माग देता येतात.

चौथा बदल यंत्राच्या माहितीपत्रकात कधी लिहिला जात नाही. जुन्या धोट्यात नवी कांडी घातल्यावर धागा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावा लागे. एका मागाचा धोटा दुसऱ्याच्या तोंडी लागणार, या कारणाने मुंबई आणि अहमदाबाद दोन्हीकडे अस्पृश्य मानलेल्या कामगारांना जास्त पगाराच्या मागखात्यात घेत नसत. त्यांची भरती सूतखात्यातच होई. 1928 च्या मुंबईच्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे मांडला होता. कांडी आपोआप बदलायची तर धोट्यात धागा आपोआपच ओवला जायला हवा, त्यामुळे स्वयंचलित मागावर तोंड लावण्याचं कारणच उरत नाही. यंत्राने सबब काढून घेतली, एवढंच. माणसांनी भिंत पाडली का, हा वेगळा प्रश्न, आणि तो पुढे पुन्हा येणार आहे.

अडचण

अभियंत्यांनी काम हलगर्जीपणे केलं नव्हतं. मांडणी, यंत्रसामग्री, कामाचा भार, सगळ्याचा बारकाईने अभ्यास झाला होता. प्रत्येक कृतीला किती वेळ लागतो ते मोजून 224 मागांसाठी 29 माणसं आणि 12 प्रकारची कामं ठरली. 8 विणकर, बॅटरी भरणारे 5, एकदम अनेक धागे तुटले तर ते दुरुस्त करणारे 3 स्मॅशहँड, नवे बीम (ताण्याचं सूत गुंडाळलेले रूळ) चढवणारे 2 गेटर, कापड उचलणारे 2, जॉबर 2, साहाय्यक जॉबर 2. शिवाय कांड्या वाहणारा, फीलर मोशनचा फिटर, तेलवाला, झाडूवाला आणि हवेतली आर्द्रता सांभाळणारा फिटर, प्रत्येकी एक. या सगळ्यांवर एक सुपरवायझर.

मागांची कार्यक्षमता 80 टक्क्यांच्या आसपास अडकली होती आणि डॅमेज, म्हणजे दोष निघालेलं कापड, 32 टक्क्यांच्या आसपास होतं. नव्या यंत्रांवर केलेला खर्च पाहता हे आकडे लाजिरवाणेच म्हणायचे.

हे आकडे नेमकं काय सांगतात ते पाहू. कार्यक्षमता म्हणजे माग पूर्ण पाळी न थांबता चालला असता तर जितके बाणे पडले असते, त्याच्या किती टक्के प्रत्यक्षात पडले. आठ तासांच्या पाळीत 480 मिनिटं. 80 टक्के म्हणजे प्रत्येक माग पाळीत सरासरी 96 मिनिटं बंद. माग बंद पडण्याची कारणं ठरलेलीच असतात: धागा तुटणं, बॅटरी रिकामी राहणं, बीम संपणं, यांत्रिक बिघाड. पण बंद पडल्यापासून पुन्हा सुरू होईपर्यंतच्या वेळात दुरुस्तीचा भाग थोडा असतो. बराच वेळ वाट पाहण्यात जातो, आणि कामाच्या मोजमापाच्या तक्त्यात या वाट पाहण्याला रकानाच नव्हता.

वाट का पाहावी लागत होती ते कागदावर मांडलं की लगेच दिसतं. उदाहरणादाखल मागांना 1 ते 224 क्रमांक द्या आणि प्रत्येक कामाचे सारखे वाटे करा. विणकराच्या वाट्याला 28 माग येतात, बॅटरी भरणाऱ्याच्या वाट्याला जवळजवळ 45, स्मॅशहँडच्या वाट्याला 75, गेटर आणि जॉबरच्या वाट्याला 112. दुसरा विणकर 29 ते 56 क्रमांकाचे माग बघतो. त्यातल्या 45 पर्यंतच्या मागांच्या बॅटऱ्या एक माणूस भरतो, पुढच्या दुसराच. तिसऱ्या विणकराचे माग 57 ते 84, आणि 75 च्या पुढे त्याचा स्मॅशहँड बदलतो. हिशेबाने एका बॅटरी भरणाऱ्याच्या वाट्याला 1.6 विणकर येतात आणि एका स्मॅशहँडच्या वाट्याला 2.67. पॉइंट सहा विणकराशी कोणाचं जमणार? 46 क्रमांकाचा माग बॅटरी रिकामी म्हणून थांबला, तर विणकर म्हणणार माझं काम गाठ मारण्याचं, आणि बॅटरीवाला त्या वेळी 80 क्रमांकाच्या मागाशी, वेगळ्याच विणकराच्या हद्दीत. दोघंही आपापल्या जागी बरोबर, आणि माग बंद.

हा हिशेबही स्थिर राहत नव्हता. कापडाचा प्रकार बदलला, बाणा जाड आला, की कांडी लवकर संपते आणि बॅटरी भरणाऱ्याचं काम वाढतं. विणकराचं वाढत नाही. ताण्याचं सूत कच्चं आलं तर उलट: विणकर आणि स्मॅशहँड पळत सुटतात, बॅटरीवाला निवांत. हवा कोरडी पडली की सुती धागा जास्त तुटतो, आणि त्याचा दोष आर्द्रतेच्या फिटरकडे न जाता विणकराच्या नावावर चढतो. 12 कामांचे भार 12 वेगवेगळ्या वेगांनी बदलत होते, पण माणसांची संख्या मोजमापाच्या दिवशी जी ठरली तीच.

डॅमेज झालेलं कापड नेमकं कोणाचं, हेही सांगता येत नव्हतं. गाठ वाईट बसली, की तेल उडालं, की बीम चढवताना ताण चुकला? एका कापडावरून बारा हात फिरलेले. सगळे धागे फक्त सुपरवायझरकडे येत होते, म्हणून तो दिवसभर आग विझवत फिरत होता.

समोरचे पर्याय

सल्लागार होते लंडनच्या टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूटचे ए. के. राइस. ते 1953 मध्ये आले. त्याच संस्थेत इंग्लंडच्या कोळसा खाणींचा अभ्यास नुकताच झाला होता. तिथे कोळशाच्या लांब सलग दर्शनी भिंतीवर यंत्राने कोळसा काढण्याची पद्धत आली, तेव्हा पूर्वीच्या छोट्या टोळ्या मोडल्या आणि एक पाळी कापणार, दुसरी भरणार, तिसरी यंत्रणा पुढे सरकवणार अशी वाटणी झाली. यंत्र ताकदवान, पण एका पाळीचं काम अपुरं राहिलं की दुसरी अडते. 1951 मध्ये छापल्या गेलेल्या त्या अभ्यासाचा निष्कर्ष असा होता की यंत्राची रचना आणि माणसांच्या कामाची रचना या दोन्हींचा एकत्र विचार करावा लागतो, आणि एकाच यंत्राभोवती कामाच्या एकापेक्षा जास्त रचना शक्य असतात. पुढे या विचाराला समाज-तांत्रिक दृष्टी म्हणू लागले.

ज्युबिलीच्या परिस्थितीत चार-पाच वाटा खुल्या होत्या.

पहिली, पुन्हा मोजमाप करायचं आणि माणसांचे आकडे दुरुस्त करायचे. अभियंत्यांना ही सगळ्यात जवळची. पण सूत आणि कापडाचा प्रकार बदलत राहणार असेल, तर नवा तक्ताही महिन्याभरात जुना होणार.

दुसरी, देखरेख वाढवायची: आणखी सुपरवायझर, डॅमेजवर दंड. डॅमेज कोणाचं हेच ठरत नसताना दंड आंधळा लागतो, आणि माणसं दोष लपवायला शिकतात.

तिसरी, प्रत्येकाला वैयक्तिक बोनस. बॅटरी भरणाऱ्याला कांड्यांच्या संख्येवर बोनस दिला तर तो भरायला सोप्या, जवळच्या बॅटऱ्या आधी भरणार. प्रत्येकाचा आकडा सुधारून मागाचा बिघडू शकतो.

चौथी, विणकरामागचे माग कमी करून जुन्या वळणावर जायचं. मग स्वयंचलित मागांवर पैसे घातले कशाला? आणि मागांची संख्या हा नाजूक विषय होता. मुंबईत एका माणसामागचे माग आणि सूतखात्यातल्या कताई यंत्रांच्या बाजू वाढवण्यावरूनच 1928 चा सुमारे सहा महिन्यांचा सार्वत्रिक संप पेटला होता. एकदा वाढवलेला आकडा खाली आणला, तर पुढच्या प्रत्येक खात्यात तोच आकडा मागितला जाणार हे व्यवस्थापनाला कळत होतंच.

पाचवी वाट राइस यांनी सुचवली: कामांचे गट पाडू नका, मागांचे पाडा. ठरावीक सलग मागांचा ताबा एका छोट्या टोळीकडे द्या. विणणं, बॅटरी भरणं, धागे सांधणं, बीम चढवणं, रोजची देखभाल हे सगळं त्या टोळीने आपसात वाटून घ्यायचं. टोळीचा एक मुख्या टोळीतलाच, आणि सुपरवायझरने मुख्याशी बोलायचं.

प्रत्यक्ष काय केलं

प्रस्ताव आधी अध्यक्ष आणि व्यवस्थापकांसमोर ठेवला गेला, मग सुपरवायझरांसमोर. पुढच्या टप्प्याची योजना आखायला व्यवस्थापनाला वेळच मिळाला नाही. सुपरवायझर आणि कामगारांनी कल्पना उचलली आणि स्वतःच टोळ्या जमवल्या. कोण कोणाबरोबर हे एकमेकांच्या पसंतीने ठरलं, वरून यादी आली नाही. चार टोळ्या झाल्या, प्रत्येकीत सुमारे सात जण, आणि प्रत्येकीकडे साधारण 60 माग. पगाराची घडीही बदलली: श्रेणी कमी झाल्या, मूळ पगाराला हमी मिळाली, बोनस टोळीच्या एकत्रित कामावर.

खात्यातला फरक जुन्याच उदाहरणावर पाहा. 46 क्रमांकाचा माग आता एकाच टोळीच्या हद्दीत. बॅटरी रिकामी दिसली की विणकर स्वतः चार कांड्या सरकवतो, कारण माग बंद राहिला तर बोनस त्याचाही जातो. सूत कच्चं आलं की बॅटरीवाला गाठी मारायला येतो. बदलत्या भारावर उतारा टोळीच्या आत, पाच मिनिटांत मिळतो. तक्त्यातल्या रकान्यांची वाट पाहावी लागत नाही. सुपरवायझरसमोर आता 29 माणसं नव्हती, चार मुख्ये होते, आणि त्याच्याकडे खरं काम आलं: सूत वेळेवर आणि नीट येतंय का, सुटे भाग आहेत का, आर्द्रता टिकते का. टोळीच्या आत काय चाललंय यात डोकं घालायचं नाही.

आलेख सरळ वर गेला नाही. सुरुवातीच्या उत्साहात आकडे सुधारले, मग घसरले. टोळ्यांनी माग चालू ठेवण्यावर सगळा जोर दिला आणि तेल-पाणी, साफसफाई, बारीक दुरुस्ती मागे टाकली. त्याची किंमत नंतर डॅमेजमध्ये आणि बिघाडांत चुकवावी लागली. सगळ्या प्रकरणातला हा सगळ्यात अवघड क्षण. कुठल्याही गिरणीत अशा वेळी दोन आठवड्यांत जुना हजेरीपट परत लागतो. इथे तो लागला नाही. टोळ्या मोडल्या नाहीत, देखभालीला पुन्हा जागा करून दिली, आणि घडी बसू दिली.

निष्पत्ती

घडी बसल्यावर कार्यक्षमता 95 टक्क्यांच्या आसपास स्थिरावली आणि डॅमेज 20 टक्क्यांच्या आसपास आलं. 95 टक्के म्हणजे प्रत्येक माग पाळीत 96 ऐवजी 24 मिनिटं बंद. 224 मागांवर हा 15 टक्क्यांचा फरक म्हणजे जवळजवळ 34 मागांची अख्खी पाळी, नवा माग न घेता मिळालेली.

दोन्ही आकडे एकाच वेळी सुधारले हे अधिक महत्त्वाचं. मागखात्यात वेग आणि दर्जा सहसा एकमेकांच्या जिवावर वाढतात. माणसांना नुसतं पळवलं असतं तर कार्यक्षमता चढली असती आणि डॅमेजही चढलं असतं, जसं मधल्या घसरणीच्या काळात थोडं झालंच. दोन्ही एकत्र सुधारणं हे रचना बदलल्याचं लक्षण आहे.

पण पुरावा निर्विवाद नाही. 1969 मध्ये एका भारतीय अभ्यासकाने या प्रयोगाच्या पद्धतीची फेरतपासणी केली आणि रास्त आक्षेप घेतला: टोळ्या, पगार, हमी, व्यवस्थापनाचं लक्ष, सगळं एकाच वेळी बदललं, तर श्रेय कोणाला द्यायचं? पगारवाढीचा वाटा मोठा असू शकतो. माझं मत असं की पगाराने माणूस जोरात काम करेल, पण 1.6 विणकरांचा गुंता पगाराने सुटत नाही, तो हद्दी बदलल्यानेच सुटतो. तरी हे मत आहे, सिद्धता नाही. तुलनेला जुन्या पद्धतीचं एक खातं तसंच ठेवलं असतं तर वाद राहिला नसता.

पद्धत पुढे इतर खात्यांत नेली, साध्या मागांवरही टोळी पद्धत करून पाहिली.

सतरा वर्षांनी

1970 मध्ये टॅव्हिस्टॉकचेच एरिक मिलर पुन्हा अहमदाबादला गेले. एका खात्यात टोळ्यांची रचना आणि कामगिरी आश्चर्य वाटावं इतकी तशीच टिकली होती. बाकीच्यांत ती झिजून वैयक्तिक कामांच्या जुन्या पद्धतीकडे घसरली होती.

ही घसरण एखाद्या बैठकीत ठरवून झाली नव्हती. बाजाराची मागणी बदलते, कापडाचे प्रकार वाढतात, सूत आणि सुटे भाग वेळेवर मिळत नाहीत. टोळीच्या हद्दीबाहेरची ही गडबड सुपरवायझरने बाहेरच निस्तरायची असते. ती त्याच्या हातात राहत नाही, मग तो आत शिरतो: हा माणूस तिकडे दे, आज तू फक्त बॅटरी भर. असा एक दिवस जातो, मग आठवडा. कागदावर टोळी तीच राहते, मुख्याचं नावही तेच, पण निर्णय आता सुपरवायझरचे. टोळीतले लोकही शिकतात की आपसात वाटून घेण्यात अर्थ नाही, वरून येईल ते करायचं.

निर्णयाचे टप्पे आणि काय वेगळं करता आलं असतं

सल्लागाराने मोजमापाचे आकडे चूक आहेत का हे तपासण्यात वेळ घालवला नाही, त्या आकड्यांच्या हद्दी एकमेकांवर बसतात का हे पाहिलं. नव्या प्रणालीवर काम रखडत असेल तर पहिला कागद हाच काढावा: प्रत्येक भूमिकेचा वाटा किती, तो कुठून कुठपर्यंत, आणि एका कामाच्या वाटेवर किती हद्दी ओलांडाव्या लागतात. इस्पितळात नर्स वॉर्डनिहाय, प्रयोगशाळेचा माणूस मजलानिहाय आणि बिलिंगवाला विमा कंपनीनिहाय वाटला असेल, तर रुग्णाची सुट्टी दुपारी तीनपर्यंत का रखडते याचं उत्तर सॉफ्टवेअरच्या कंपनीकडे मिळणार नाही.

पसंतीने टोळी जमवू देणं हा सगळ्यात धाडसी निर्णय होता आणि यशाचं मोठं कारणही. तरी एक गोष्ट नोंदवायला हवी होती: कोणाला कोणी घेतलं नाही. मागखात्यात कोण असावं हे जात ठरवत आलेली, अशा शहरात परस्पर पसंती म्हणजे जुनी निवडच नव्या नावाने येऊ शकते. चार टोळ्यांत शेवटी उरलेली माणसं कोण होती, हा एक रकाना जोडला असता तर प्रकरण आजच्या वाचकाला दुप्पट उपयोगी पडलं असतं. आज असं काही करायचं असेल तर पसंती घ्यावी, पण शेवटच्या दोन जागा भरताना व्यवस्थापनाने यादी पाहावी.

देखभालीचा वेळ टोळीच्या मर्जीवर सोडला ही दुरुस्त करता येण्याजोगी चूक. एकत्रित बोनस आजच्या बाण्यांवर मिळतो आणि तेल न घातल्याचा फटका तीन आठवड्यांनी बसतो, त्यामुळे आज घातलेल्या तेलाचा फायदा टोळीला दिसत नाही. पहिल्या दिवसापासून पाळीतली ठरावीक मिनिटं देखभालीसाठी राखून ठेवली असती आणि त्या वेळेतला माग बंद कार्यक्षमतेत धरला नसता, तर मधली घसरण बरीच टळली असती.

युनियनबद्दलही बोललं पाहिजे. कायद्याने बदलाची नोटीस ही किमान पायरी होती. अहमदाबादेत गांधीजींच्या नेतृत्वाखाली झालेल्या 1918 च्या गिरणी कामगारांच्या लढ्यापासून वाटाघाटीची सवय होती, त्यामुळे घर्षण कमी झालं. हाच प्रयोग त्या वेळच्या मुंबईत केला असता तर टोळीचा मुख्या हा मालकाचा माणूस की कामगारांचा, या एका प्रश्नावर तो अडला असता. जॉबर हा गिरणगावात भरतीपासून बदलीपर्यंतचा सत्ताधीश होता. टोळीला आपसात काम वाटण्याचा हक्क देणं म्हणजे थेट त्याच्या सत्तेला हात घालणं. यंत्र तेच, पण त्याच्याभोवती शक्य असलेल्या रचना शहर बदललं की बदलतात.

सगळ्यात मोठी उणीव मात्र सुरुवातीच्या आराखड्यातच होती. टोळीच्या हद्दीचं रक्षण कोणाचं काम, हे कुणाच्याच कामाच्या वर्णनात लिहिलेलं नव्हतं. ते सुपरवायझरच्या समजूतदारपणावर सोडलेलं होतं, आणि सुपरवायझर बदलतात. आज हे प्रकरण हाताळायचं तर त्याच्या कामगिरीचा हिशेब वेगळा ठेवावा लागेल. टोळीला सूत, बीम आणि सुटे भाग किती वेळा उशिरा मिळाले, आणि टोळीच्या आतला माणूस त्याने स्वतः किती वेळा हलवला, हे दोन आकडे दर आठवड्याला. पहिला वाढला की काही दिवसांनी दुसरा वाढतो. दुसरा वाढताना दिसला की टोळी मोडायला लागली असं समजावं, कार्यक्षमतेचा आकडा अजून 95 दाखवत असला तरी.